समुद्रात भिंत टाकली की पुळण परत येते का?

वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आहे आणि निम्मी पत्रं एकाच विषयाची आहेत : कृत्रिम रीफ, म्हणजे समुद्रात पाण्याखाली मुद्दाम केलेला उंचवटा. कुणीतरी पुद्दुचेरीच्या किनाऱ्याचा ‘आधी आणि नंतर’वाला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला दिसतोय. मी बंदराच्या जलसर्वेक्षणात नोकरी काढलेला माणूस. पाण्याची खोली मोजायची आणि गाळ कुठून आला ते शोधायचं, हाच धंदा. त्यामुळे संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. लांब पत्रं मी कापली आहेत, मुद्दा ठेवला आहे.

प्रश्न : काका, उरणजवळ समुद्राला लागून आमची नारळाची वाडी आहे. सासऱ्यांच्या वेळी कुंपणापुढे सुरूच्या दोन रांगा होत्या आणि त्यापुढे ऐसपैस पुळण. सुरू गेले, गेल्या पावसात कुंपणही गेलं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीपर्यंत दगडी बंधारा झाला, आमच्यापर्यंत येता येता निधी संपला म्हणाले. आता ग्रामसभेत विषय निघालाय की बंधारा नको, पाण्याखालचा रीफ मागू या. मी हात वर करू का? सासूबाई म्हणतात, ओहोटीला आपल्यासमोर खडपं उघडी पडतात, ती आहेत तरी वाडी जातेच आहे, मग आणखी दगड टाकून काय होणार? (उरण)

ताई, सासूबाईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. तिथूनच सुरुवात करतो.

लाट खोल पाण्यातून येते तेव्हा तिला तळाशी काही घेणंदेणं नसतं. पाणी उथळ झालं की तिचा पाय अडतो, ती उंच होते आणि फुटते. ढोबळ हिशेब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटणार. दोन मीटरची लाट अडीच मीटरच्या आसपास पाण्यात फुटते. फुटली की तिचा जोर तिथेच फेसात जातो. शिवाय हा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो नि कमी होतो, म्हणून लाट निम्मी झाली तर मार निम्मा होत नाही, चौथाई होतो. रीफचं सगळं भांडवल हेच. किनाऱ्यापासून शे-दोनशे मीटरवर पाण्याखाली उंचवटा करायचा, लाट तिथे फोडायची आणि मागच्या शांत पाण्यात वाळू बसू द्यायची. प्रवाळाचे खडक हे काम फुकटात करतात. जगभरच्या प्रवाळ खडकांवरच्या मोजमापांचा एकत्र अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा खडकावरच संपते असं दिसलं.

मग तुमची खडपं का वाचवत नाहीत? कारण ती ओहोटीला दिसतात. आणि तुमचं कुंपण ओहोटीला गेलं नाही.

मुंबई-उरणच्या पाण्यात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो बराच कमी असतो, पण वाड्या भांगाला जात नाहीत. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण, वर पावसाळी वारा, दुपारची भरती, अशा दिवशी जातात. आता हिशेब करा. रीफचा माथा ओहोटीच्या पाण्याखाली एक मीटर ठेवला, तर उधाणाच्या भरतीला त्याच माथ्यावर साडेपाच-सहा मीटर पाणी उभं राहतं. दोन-अडीच मीटरची लाट त्यावरून न फुटता आरामात निघून येते. म्हणजे ज्या दोन तासांसाठी रीफ हवा, त्याच दोन तासांत तो झोपलेला. माथा वर आणावा म्हटलं तर ओहोटीला दोन मजली भिंत उघडी पडते, तिचा पाया रुंद करावा लागतो, दगड कितीतरी पटींनी लागतो, होड्यांची वाट जाते, आणि मग तो रीफ राहतच नाही, सरळसरळ लाटारोधक बांध होतो. पुद्दुचेरीला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आसपास असतो. तिथे पाण्याखालचा उंचवटा चोवीस तास कामावर राहतो. व्हिडिओत ही गोष्ट दिसत नाही, कारण ती दिसण्यासारखी नाहीच.

व्हिडिओतून आणखी एक गोष्ट गळते. पुद्दुचेरीला १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातले. त्या किनाऱ्यावर वर्षाकाठी लाखो घनमीटर वाळू मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. ती बांधाला अडली. दक्षिणेला वाळूचे ढीग लागले आणि उत्तरेला, शहरासमोर, पुळण संपून दगडांची रास उरली. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने शहराच्या उत्तर बाजूला पाण्याखाली त्रिकोणी पोलादी पेटी बसवली, बंदराच्या तोंडाशी उपसलेली वाळू किनाऱ्याच्या कामी लावली, आणि फिरायच्या रस्त्यापुढे पुन्हा वाळू दिसू लागली. काम चांगलं झालं, यात वाद नाही. पण तिथे वाळू होतीच, वाट अडली होती. रीफ वाळू तयार करत नाही, आलेली धरून ठेवतो. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर नॅरोनेकला १९९९-२००० मध्ये वाळू भरलेल्या चारशेहून जास्त पिशव्या समुद्रात सोडून रीफ केला. एकेक पिशवी दीडशे ते तीनशे टनांची. पण त्याच योजनेत किनाऱ्यावर दहा लाख घनमीटरहून जास्त वाळूही ओतली होती. रीफचं काम ती वाळू पळू न देण्याचं होतं. आणि २०१७-१८ मध्ये त्याच रीफवर नव्या पिशव्या टाकाव्या लागल्या, कारण कापडाला आयुष्य असतं आणि नांगराला दया नसते. आपल्याकडे केरळात कोवलमला २०१० मध्ये तसाच पिशव्यांचा रीफ झाला, त्याच्या पिशव्या फार लवकर खराब झाल्या.

कोकणात बहुतेक ठिकाणी पुळण दोन डोंगरटोकांच्या मधल्या खोबणीत असते. पूर्व किनाऱ्यासारखा वाळूचा मोठा वाहता ओघ इथे नाही. जेवढी आहे तेवढी पावसाळ्यात थोडी आत जाते, दिवाळीनंतर हळूहळू परत येते. म्हणून जुलैची पुळण बघून घाबरू नये आणि फेब्रुवारीची बघून निर्धास्त होऊ नये. मेची तुलना मेशी करायची.

आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य : बंधारा शेजारच्या वाडीपर्यंत आला आणि थांबला. ताई, मला वाटतं तुमच्या कुंपणाचं उत्तर बरंचसं तिथे आहे. बंधारा बांधला की त्यामागची माती-वाळू बंद होते, ती आजूबाजूच्या पुळणीला मिळेनाशी होते. दगडावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू खणून काढते. आणि बंधारा जिथे एकदम संपतो तिथे लाट टोकाला वळून शेजारच्या मऊ जमिनीत शिरते. टोकाला लागून पुढची जमीन कोयत्याने कापल्यासारखी अर्धगोल आत गेली असेल, तर शंका घ्यायला जागाच नाही. तशी गेली आहे का, ते बघा आणि फोटो काढून ठेवा.

तेव्हा रीफसाठी आत्ता हात वर करू नका. बंधाऱ्याचं टोक जमिनीच्या बाजूला वळवून उतरतं करून मागा, तुमच्या पुळणीच्या कणाशी जुळणारी वाळू भरून मागा, आणि वाडीच्या कडेला मर्यादवेल वाढू द्या. वेलाची मुळं वाळू धरतात. सुरूची झाडं दिसायला छान, पण मुळाखालची वाळू गेली की आडवी होतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. रीफवाले आलेच, तर त्यांना एकच विचारा : ‘उधाणाच्या भरतीला माथ्यावर किती पाणी असणार?’ आकडा सांगता आला नाही तर चहा पाजून परत पाठवा. कुठलंही बांधकाम करायचं म्हटलं तर किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत बसवून परवानगी घ्यावी लागणार, हेही गृहीत धरा.

आणि हो, कोकणाला रीफ नवा नाही. २०१० मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जाची किनारा संरक्षणाची योजना आली, तिच्या पहिल्या टप्प्यात कर्नाटकातलं उल्लाळ आणि आपलं रत्नागिरीचं मिऱ्या होतं. उल्लाळच्या समुद्रात दोन रीफ झाले. मिऱ्याला आज जाऊन उभं राहिलात तर समोर बंधारा आहे.

प्रश्न : आम्ही पाम बीच मार्गावर, नेरूळच्या बाजूला राहतो. सोसायटीच्या सभेत एकाने सुचवलं की समोर खाडीत रीफ टाकून छोटासा बीच करता येईल, नावात तर तो आहेच. शक्य आहे का? (नेरूळ)

नाही.

समोर वाळू नाही, चिखल आहे, आणि चिखल जिथे बसतो तिथे लाट मुळातच मंद असते. रीफ हे जोरदार लाटेवरचं औषध. चिखलाच्या काठाला कांदळवन लागतं. शंभर मीटर रुंदीचा कांदळवनाचा पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत कमी करतो, असं निरनिराळ्या देशांतल्या मोजमापांत दिसलंय. तुमच्या समोरचा पट्टा तुमची सोसायटी एक पैसाही न घेता सांभाळतोय, त्याला हात लावू नका. तुमच्या उत्तरेला, वाशी ते ऐरोली पुलांच्या दरम्यानच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून दर्जा मिळाला, तोही बीचमुळे नाही, चिखलामुळे.

जाता जाता, फ्लोरिडातल्या खऱ्याखुऱ्या पाम बीचने हा प्रयोग करून पाहिला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली काँक्रीटच्या तयार ठोकळ्यांची लांबच लांब रांग लावली. मागची पुळण वाढण्याऐवजी जास्तच झिजली. १९९५ मध्ये ते ठोकळे उचलले. का झिजली, ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कृत्रिम रीफचं चालतं मॉडेल करायचं आहे. यूट्यूबवरचे सगळे मॉडेल थर्मोकोलचे आणि रंगवलेले आहेत. खरं काम करणारं घरी होईल का? (नौपाडा, ठाणे)

होईल, आणि थर्मोकोलवर थुंकलास ते बरं केलंस.

बंद पडलेला फिश टँक मिळाला तर उत्तम, नाहीतर कपडे ठेवायची लांबट प्लॅस्टिकची पेटी घे, निदान अडीच फूट लांब. पारदर्शक असावी, म्हणजे बाजूने बघता येईल. परात घेऊ नकोस, गोल कडेवरून लाटा उलट्या फिरतात आणि सगळा गोंधळ होतो. वाळू नदीची किंवा फिश टँकच्या दुकानातली बारीक. बांधकामावरची क्रश सँड नको, तिचे कण टोकदार असतात आणि धूळ फार. वाळू बादलीत तीन-चार पाण्यांनी धुऊन घे, नाहीतर पाणी गढूळ होऊन काहीच दिसणार नाही.

एका टोकाला वाळूचा उतार कर, अगदी सावकाश चढणारा. पाणी ओत, उताराच्या मध्यापर्यंत. दुसऱ्या टोकाला पेटीच्या रुंदीएवढी लाकडी पट्टी उभी धर आणि पुढे-मागे हलव, सेकंदाला एक अशा लयीत. घाई केलीस तर पाणी नुसतं उडेल. हे काम आईबाबांपैकी कुणाला तरी दे, कारण तुला किनारा बघायचा आहे. दहा मिनिटांत पाण्याच्या रेषेवर वाळूची छोटी पायरी कापली जाईल. पेटीवर बाहेरून मार्करने ती रेष काढ.

आता रीफ. जुना मोजा घे, त्यात ओली वाळू ठासून भर, तोंड शिवून टाक. गोल्ड कोस्टच्या पिशव्यांचा हा धाकटा भाऊ. किनारा पुन्हा सारखा कर आणि मोजा किनाऱ्याला समांतर, वीतभर आत ठेव. पेटीची पूर्ण रुंदी भरू नकोस, दोन्ही बाजूंना वाट मोकळी ठेव. मोज्याच्या माथ्यावर बोटभर पाणी असलं पाहिजे. पुन्हा लाटा. मोज्यामागे पाणी शांत होईल आणि नीट धीर धरलास तर मोज्याच्या दिशेने किनाऱ्याला वाळूचा फुगवटा येताना दिसेल. प्रदर्शनात सगळे इथेच टाळ्या वाजवतील. तू थांबू नकोस.

मोजा तसाच ठेवून पेटीत आणखी पाणी ओत, मोज्यावर चार बोटं पाणी होईपर्यंत. ही भरती. लाटा तशाच चालू दे. मोजा जागेवर असेल आणि वरची वाळू नव्याने कापली जाईल. परीक्षकांनी विचारलं की मुंबईच्या किनाऱ्यावर रीफ सहज का चालत नाही, तर बोलू नकोस, नुसतं पाणी ओतून दाखव.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. पाणी परत कमी कर आणि मोज्यामागे निळीचे दोन थेंब टाक. लाटेबरोबर मोज्यावरून आत आलेलं पाणी आत थोडंच राहणार? ते मोज्याच्या दोन्ही टोकांकडून बाहेर पळतं आणि निळा पट्टा तुला ती वाट दाखवतो. खऱ्या समुद्रात या पळत्या पाण्याबरोबर वाळूही जाते. रीफ फार लांब झाला, किनाऱ्याच्या फार जवळ आला किंवा त्याचा आकार चुकला, तर मागे साठण्यापेक्षा टोकांकडून निसटणारी वाळू जास्त होते. फ्लोरिडात ठोकळ्यांच्या रांगेमागे असंच पाणी साचून किनाऱ्याच्या कडेकडेने वाहायला लागलं. पाण्याखालच्या अशा बांधकामांचा जगभरचा आढावा संशोधकांनी २००६ मध्ये घेतला, त्यातही मागचा किनारा झिजल्याचीच उदाहरणं जास्त निघाली.

एक खबरदारी. तुझी पेटी लहान केली, पण वाळूचा कण लहान झाला नाही. म्हणून तुझ्या मॉडेलवरून ‘अमुक मीटर किनारा वाढेल’ असं लिहू नकोस, दिशा सांग, माप नको. हेच काम मोठ्या हौदात, यंत्राने लाटा काढून करतात ते पाहायचं असेल तर पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. देशातल्या बऱ्याच बंदरांची मॉडेलं तिथे झाली आहेत. शाळेकडून पत्र पाठवून भेटीची विचारणा करायला सांग.

प्रश्न : आम्ही करंजाचे. सरकार समुद्रात रीफ टाकतं, मासळी वाढते म्हणतात. किनारा वाचवायचा रीफ आला तर तीच मासळी आम्हाला मिळेल का, का आमची जाळी फाटतील? (करंजा)

नाखवा, एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ग्रामपंचायतीतही तो घोळ होतोच.

मासळीचा रीफ म्हणजे काँक्रीटचे पोकळ त्रिकोण, रिंगा, भोकं पाडलेले ठोकळे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ते बरीच वर्षं करते आहे, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत त्यासाठी पैसे आहेत. ते खोल पाण्यात, एकमेकांपासून सुटे सुटे टाकतात. त्यावर शेवाळ, कालवं चिकटतात, बारकी मासळी आसऱ्याला येते, तिच्यामागे मोठी. लाटेला त्यांचा पत्ताही लागत नाही. वरळी कोळीवाड्यासमोर सोडले ते या जातीचे. त्यांच्याकडून किनारा वाचण्याची अपेक्षा करू नये आणि कुणी तसं सांगितलं तर ऐकून घेऊ नये.

किनारा वाचवायचा रीफ उथळ पाण्यात, सलग आणि भरीव असतो. त्याच्या फटींतही मासळी येईल, दगड टाकला की येतेच. पण तुमची डोल, म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, प्रवाहाच्या जोरावर लागते. सलग बांधकामाने आजूबाजूचा प्रवाह सरकला तर खुंट तिथेच आणि पाणी भलतीकडे, असं होऊ शकतं. जाळं अडकून फाटणं हा तर रोजचा त्रास. म्हणून कुठलाही रीफ असो, टाकायच्या आधी जागा तुम्हाला दाखवून ठरवा, चारही कोपऱ्यांचे जीपीएस आकडे मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावा, वर दिव्याचा बोया (तरंगती खूण) हवा आणि तो बोया कोण सांभाळणार त्याचं नाव लेखी हवं, हे आधीच मागा. बोया पहिल्या पावसात सुटतो आणि मग कुणाचाच नसतो.

प्रश्न : नवी मुंबईत पुनर्विकासात इतक्या इमारती पडताहेत. ते डेब्रिज आणि जुने टायर समुद्रात टाकून रीफ केला तर कचराही जाईल आणि किनाराही वाचेल, नाही का? (कोपरखैरणे)

टायरचा प्रयोग झालेला आहे. फ्लोरिडातच, फोर्ट लॉडरडेलसमोर, १९७०च्या दशकात सुमारे २० लाख टायर बांधून समुद्रात सोडले. मोठा समारंभ झाला होता म्हणे. बांधणारे पट्टे आणि क्लिपा खाऱ्या पाण्याने खाल्ल्या, टायर सुटे झाले आणि वादळात शेजारच्या जिवंत प्रवाळावर लोळू लागले. ते बाहेर काढायचं काम त्यानंतर कित्येक वर्षं चाललं. टायर हलका असतो, पाण्यात तर फारच. जी वस्तू लाटेने हलते तिचा रीफ होत नाही.

डेब्रिजचं तसंच. त्यात नुसतं काँक्रीट नसतं. विटा, प्लास्टर, रंग, टाइल्स, पाइपचे तुकडे, वायरी, कधी अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही असतात. माती सुटते आणि पाणी गढूळ करते. खाडीकाठी रात्री गुपचूप ओतल्या जाणाऱ्या डंपरला ‘रीफ’ असं छान नाव मिळेल, एवढाच फायदा. साफ काँक्रीट वेगळं काढून, दळून, त्याचे ठरावीक वजनाचे ठोकळे ओतले तर गोष्ट निराळी, पण तेवढी मेहनत घ्यायची तयारी असेल तर त्याच खडीचा रस्त्याच्या थरात सोपा उपयोग आहे.

याच विषयावर दोघांनी सिंधुदुर्गातल्या गुलदार जहाजाबद्दल विचारलंय. नौदलाचं ते जहाज जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त झालं आणि निवतीच्या समुद्रात तळाला बसवण्यासाठी राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आलं. पाणबुड्यांनी बघायचं आणि मासळीने राहायचं, हा त्याचा उद्देश. अशा जहाजातलं तेल, रंग, विषारी सामान आधी काढून घ्यावं लागतं. किनाऱ्याच्या धुपेशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : माझं माहेर वसईचं, आता घोडबंदर रोडला राहते. लहानपणी आम्ही ज्या पुळणीवर लगोरी खेळायचो तिथे आता भरतीला उभं राहता येत नाही. खाडीतून इतकी वर्षं रेती काढली, त्याचा हा परिणाम असेल का? आणि माझ्यासारखीने नुसतं हळहळण्यापलीकडे काय करावं? (ठाणे)

एका पुळणीवर बोट ठेवून ‘हे त्याच्यामुळेच’ असं म्हणायला मोजमाप लागतं. पण दिशा तुम्ही बरोबर धरली आहे. नदी डोंगरातून वाळू आणते, खाडीच्या तोंडातून ती समुद्रात जाते, तिथून किनाऱ्याला लागते. उल्हासची वाळू वाटेत धरणाला अडते, खाडीत सक्शन पंपाने उपसली जाते. मुंब्रा-कळव्याकडच्या जागांना रेतीबंदर हे नाव उगाच पडलेलं नाही. ठाण्याच्या जुन्या इमारतींच्या भिंतींत गेलेली रेती समुद्राला मिळाली नाही, एवढं तर सरळ आहे. आणि जिथे येणंच बंद झालंय तिथे रीफ टाकून तो धरणार काय? चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ ची उपग्रहचित्रं ताडून पाहिली, तेव्हा देशाच्या किनाऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग झिजताना दिसला. महाराष्ट्रात हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे. म्हणजे आपलं घर इतरांपेक्षा बरं आहे, पण तुमची पुळण त्या चौथ्या हिश्शात असेल तर सरासरीचा काय उपयोग?

करण्यासारखं सांगतो. उपग्रहाला दोन-चार मीटरची झीज नीट दिसत नाही, गावातल्या माणसाला दिसते. माहेरी जाल तेव्हा न हलणारी एक खूण निवडा, देवळाचा ओटा, जुनी विहीर, विजेचा खांब. तिथून वाळू जिथे संपून भरतीच्या पाण्याची ओली रेष दिसते तिथपर्यंत टेपने अंतर मोजा. त्याच खुणेपाशी उभं राहून, त्याच दिशेला एक फोटो. वहीत तारीख, तिथी आणि भरतीची वेळ लिहा, कारण अमावस्येचं माप अष्टमीच्या मापाशी जुळवता येत नाही. वर्षातून दोनदा पुरे, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा दिवाळीनंतर, दोन्ही वेळा उधाणाच्याच दिवशी. भावाला किंवा भाचरांना मधली मापं घ्यायला लावा. पुळणीवरची मूठभर वाळूही प्रत्येक वेळी पिशवीत भरून तारीख टाकून ठेवा. पुढे कधी वाळू भरायची ठरली, तर कोणत्या जाडीचा कण आणायचा हे त्या पिशव्याच सांगतील, आणि ठेकेदार खाडीतला बारीक गाळ ओतू लागला तर दाखवायला हातात काहीतरी असेल.